सोलापूर ते महेश्वर: घाट, गादी आणि माग

मध्य प्रदेशातल्या नर्मदाकाठच्या महेश्वरला बहुतेक लोक इंदूर-उज्जैन-ओंकारेश्वरच्या फेरीत अर्धा दिवस काढून जातात. घाटावर फोटो, किल्ल्यात चक्कर, एखादी साडी, की परत गाडीत. सोलापूरकरांनी तरी असं करू नये. ज्या अहिल्यादेवींचं नाव 2019 पासून आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांची ही राजधानी. शिवाय गाव विणकरांचं. ज्या शहराच्या पूर्व भागात अजून मागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथल्या माणसाला महेश्वरात पाहण्यासारखं इतरांपेक्षा जास्त आहे. त्यासाठी गावात निदान तीन रात्री तरी मुक्काम हवा.

जायला दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. निमाडचा, म्हणजे महेश्वरच्या मुलखाचा, उन्हाळा सोलापूरच्या तोडीचा, आणि पावसाळ्यात नदी पायऱ्या गिळते. कार्तिकी पौर्णिमा, महाशिवरात्र, सोमवती अमावास्या आणि नर्मदा जयंती (माघ शुद्ध सप्तमी) या दिवसांत घाटावर पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा पाहायचा असेल तरच ते दिवस धरावेत आणि खोली बरीच आधी ठरवावी.

पहिला दिवस: सोलापूर ते खंडवा

बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस सकाळी सोलापुरात येते आणि रात्री खंडव्याला सोडते. आरक्षण खंडव्यापर्यंतचं काढायचं. वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री पाहून घ्याव्यात. दिवसभराच्या गाडीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यावर दोन वेळा निभावतात. भाकरी मात्र कडकच हवी, मऊ भाकरीला दुपारनंतर वास येऊ लागतो.

हा प्रवास खिडकीत बसून करण्यासारखा आहे, कारण एका दिवसात महाराष्ट्राच्या नद्या ओळीनं भेटतात. सोलापूर सोडल्यावर मोहोळच्या अलीकडे सीना लागते. अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि चौंडी याच सीनेच्या काठी. तेच पाणी पुढे दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळतं. दौंड ओलांडलं की भीमा, कोपरगावच्या अलीकडे गोदावरी. इथवर सगळं पाणी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारं. मनमाडनंतर ढाळ उलटतो. जळगावजवळची गिरणा तापीला मिळते, भुसावळ सुटताच तापी येते, आणि ती पश्चिमेला अरबी समुद्राकडे धावते. उद्याची नर्मदाही तशीच.

बऱ्हाणपूर येईतो बहुधा अंधार पडलेला असतो. मुघल काळातलं हे कापडाचं मोठं केंद्र. महेश्वरात वसवलेल्या विणकरांत बऱ्हाणपूरचेही होते, असं तिथली जुनी माणसं सांगतात. खंडव्यात उतरल्यावर मुक्काम स्टेशनजवळच करावा. रात्री पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण सकाळचा रस्ता पाहण्यासारखा आहे.

दुसरा दिवस: खंडवा, सनावद, बडवाह, मंडलेश्वर, महेश्वर

खंडवा ते महेश्वर साधारण सव्वाशे किलोमीटर. सनावदपर्यंत इंदूर रस्ता, मग मोरटक्क्याला नर्मदेचा पूल, त्यापलीकडे बडवाह. बडवाहला इंदूर रस्ता सोडून डावीकडे, पश्चिमेला, मंडलेश्वरच्या वाटेला लागायचं. एसटीसारखी थेट सेवा गृहीत धरू नये. खासगी बस बडवाहपर्यंत सहज मिळते, पुढे दुसरी बस किंवा रिक्षा. चौघे असले तर खंडव्याहून गाडी ठरवणं सोयीचं पडतं. ओंकारेश्वर याच वाटेवरून फुटतं, पण ते ज्योतिर्लिंग घाईत उरकण्याचं ठिकाण नव्हे. त्याला वेगळा दिवस द्यावा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस, मिरची, हरभरा, गहू. सनावदजवळच्या बेडियाचा मिरची बाजार मोठा आहे. हंगामात उघड्या पटांगणावर वाळत घातलेली मिरची लांबून लाल दिसते आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी ठसका लागतो. जमीन काळी, आपल्या बार्शी-मंगळवेढ्याकडच्यासारखी. म्हणूनच ताटातही ओळखीचं सापडतं. निमाडचं घरचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, तिकडच्या बोलीत ‘अमाडी की भाजी’. हॉटेलांच्या पाटीवर ती क्वचितच असते. दाल-बाटी आणि पोहे-जिलबी मात्र सगळीकडे. ज्वारीची भाकरी हवी असेल तर सकाळीच एखाद्या घरगुती खानावळीत सांगून ठेवावं लागतं.

महेश्वरच्या आठ-दहा किलोमीटर अलीकडे मंडलेश्वर लागतं. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद इथं झाला, अशी इथली परंपरा आहे. मंडनमिश्र माहिष्मतीचे समजले जातात, म्हणून या भागाला प्राचीन माहिष्मती नगरी मानणाऱ्यांचा तो मोठा आधार. जवळच नदीत महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचं धरण उभं आहे. चारशे मेगावॅटचा हा प्रकल्प विस्थापितांच्या दीर्घ आंदोलनामुळे आणि पैशांच्या घोळामुळे वर्षानुवर्षं रखडला. गाडी थांबवून तो पाहावा. खाली घाटावर जे शांत पाणी दिसतं, त्याच्या मागे किती झगडा आहे ते तिथं कळतं.

महेश्वर गाव लहान आहे. 2011 च्या जनगणनेत लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आतच होती. मुक्कामाला धर्मशाळा, साधी लॉज, पर्यटन मंडळाचं विश्रामगृह आणि किल्ल्यातलं महागडं हेरिटेज हॉटेल, असे सगळे प्रकार मिळतात. किल्ल्याच्या उतारावर घाटाजवळ खोली घ्यावी. पहाटे घाटावर पायी जाता येणं ही इथली खरी चैन. मात्र उतार दगडी आणि गुळगुळीत आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वर बाजारात राहिलेलं बरं.

संध्याकाळ घाटाची. गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर, म्हणून सगळे घाट दक्षिणेकडे तोंड करून. नदीकडे पाहत उभं राहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं आणि सूर्य उजव्या हाताला मावळतो. थंडीत दिवसभर पायऱ्यांवर ऊन असतं, त्यामुळे कपडे, गोधड्या, सुताच्या लडी, सगळं इथंच वाळतं. अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट अशी नावं आहेत. पायऱ्यांवर जागोजागी छोटी शिवलिंगं आणि नंदी. रोजचं स्नान, धुणं, पूजा आणि दशक्रिया यांना वेगळ्या जागा नाहीत, एकाच पायरीवर सगळं चालतं. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटावरचा अहिल्यादेवींचा होळकर वाडा ज्यांनी पाहिलाय, त्यांना दगडाची ही ठेवण लगेच ओळखू येईल. फरक पाण्याचा. चंद्रभागा वर्षातले कित्येक महिने वाळवंट दाखवते. इथं पाणी बारमाही.

हे बारमाही पाणी आता दरवाजांच्या हुकुमावर आहे. वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं, खालच्या अंगाला गुजरातेतलं सरदार सरोवर. वर वीजनिर्मिती सुरू झाली की आकाशात ढग नसतानाही पाणी चढतं. एप्रिल 2005 मध्ये ओंकारेश्वरच्या वरच्या बाजूला धाराजीला अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले भाविक वरून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले होते. साठाहून जास्त माणसं गेली. सप्टेंबर 2023 मध्ये वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानं नर्मदाकाठच्या गावांत पूर घुसला. म्हणून पाण्यात उतरताना दोन गोष्टी पाळाव्यात. शेवाळ धरलेल्या पायरीच्या खाली जायचं नाही, आणि भोंगा वाजला की कपडे-चपला न शोधता वर यायचं. आंघोळीला साखळ्या लावलेली जागा निवडावी. पायरी संपली की खोली एकदम वाढते.

तिसरा दिवस: गादी, लिंगार्चन आणि छत्र्या

सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान राजवाड्यात असावं. रोजचं लिंगार्चन, म्हणजे मातीच्या शिवलिंगांची पूजा, त्या वेळी चालते. ब्राह्मण ओळीनं बसतात. समोर लाकडी पाट, शेजारी मळलेली काळी माती. मातीचा लहान गोळा दोन बोटांत फिरवायचा, टोक काढायचं, पाटावर टेकवायचा, की पुढचा. पाट भरत जातो तशा रांगा इतक्या सारख्या येतात की मोजपट्टी लावल्यासारख्या वाटतात. मग मंत्र, पाणी, फुलं, आणि पाट उचलून सगळी शिवलिंगं नर्मदेत विसर्जित. अहिल्यादेवींच्या काळात सुरू झालेला हा नेम अजून चालू आहे. बघणाऱ्यानं भिंतीला लागून शांत बसावं. मोबाइलचा प्रकाश पाडू नये, फोटोची परवानगी आधी विचारावी. माती फार ओली झाली तर टोक बसकं होतं, फार कोरडी झाली तर पाटावर टेकवताना तडा जातो. म्हणून मळणारा माणूस वेगळा असतो आणि तो मधूनमधून पाण्याचा हात फिरवत राहतो.

शेजारीच गादी. अहिल्यादेवींचा दरबार म्हणून जी जागा दाखवतात, तिथं सिंहासन नाही. लाकडी खांबांची ओसरी, पांढरी बैठक, लोड, समोर अंगण. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाड्याची सदर असावी तशीच. उत्तरेतले किल्ले पाहून आलेल्यांना हे फारच साधं वाटतं. पण जरा थांबून विचार करावा. 1733 मध्ये होळकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या या बाईचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव 1766 मध्ये वारले, मुलगा मालेराव 1767 मध्ये गेला. त्यानंतर 13 ऑगस्ट 1795 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, माळव्याचा कारभार या ओसरीवरून चालला. फौज तुकोजीराव होळकरांकडे, दिवाणी, न्याय आणि खजिना अहिल्यादेवींकडे. काशी विश्वनाथाचं मंदिर, सोमनाथ, गया, देशभरचे घाट, विहिरी, धर्मशाळा, या सगळ्याचे हुकूम इथून सुटले. 1818 नंतर माळव्याची व्यवस्था पाहायला आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यानं त्यांच्या राज्याबद्दल लोकांकडे चौकशी केली. सगळ्या थरांतून एकच कौतुक ऐकू आलं, असं तो नोंदवून गेला.

लावणीकार अनंतफंदी इथं आले, बाईंच्या सांगण्यावरून लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका मराठीत सर्वश्रुत आहे. तेव्हाचं महेश्वर हे मराठी बोलणारं, मराठीत हिशेब लिहिणारं गाव होतं, हे गादीसमोर उभं राहिल्यावर पटतं.

गादीपासून खाली उतरताना दोन वास्तू समोरासमोर लागतात. एक अहिल्येश्वर, म्हणजे अहिल्यादेवींच्या स्मरणार्थ बांधलेलं शिवालय. कृष्णाबाई होळकरांच्या काळात ते पूर्ण झालं. दुसरी विठोजीराव होळकरांची छत्री. ही छत्री घाईत ओलांडली जाते आणि ते चूक आहे. तुकोजीरावांचा मुलगा यशवंतराव होळकर, त्यांचा हा भाऊ. 1801 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावानं त्याला पुण्यात हत्तीच्या पायाखाली दिलं. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 ला, यशवंतरावांनी हडपसरच्या लढाईत पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला आणि इंग्रजांशी वसईचा तह करून बसला. मराठेशाहीच्या शेवटाची सुरुवात ज्या मृत्यूपासून मोजावी, त्याची ही छत्री. जोत्याभोवती दगडात कोरलेल्या हत्तींची रांग आहे. खाली बसून, डोळे जोत्याच्या पातळीवर आणून ती पाहावी. प्रत्येक हत्तीची सोंड वेगळी वळलेली आहे. दुपारी चारच्या तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी सपाट वाटतं.

राजराजेश्वर मंदिरात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवतात. माहिष्मतीचा पुराणातला राजा सहस्रार्जुन, त्याच्याशी या मंदिराचं नातं सांगतात. बरोबर तूप नेण्याची इथं रीत आहे. काशीविश्वनाथ मंदिरही जवळच. दोन्ही अर्ध्या तासात होतात.

संध्याकाळी घाटावर परिक्रमावासी भेटतात. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिला ओलांडायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे उत्तर तीरावरच्या महेश्वरात भेटणारा प्रत्येक पायी परिक्रमावासी समुद्राकडून आलेला असतो आणि अमरकंटककडे, पूर्वेला निघालेला असतो. त्यांच्यात मराठी माणसं भरपूर. त्यांना काही द्यायचं तर पैशांपेक्षा शिधा किंवा एक वेळचं जेवण द्यावं, कारण सामान पाठीवर असतं.

चौथा दिवस: माग

आजचा पूर्ण दिवस मागांसाठी राखावा. आपल्याकडे ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी 1870 च्या दशकात उभी राहिली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. भोंग्यावर शहर उठायचं. त्या गिरण्या बंद पडल्या. हातमागाची जागा यंत्रमागानं घेतली. महेश्वर उलट्या वाटेनं गेलं आणि त्यामागची कारणं मागाशेजारी उभं राहिल्यावरच कळतात.

अहिल्यादेवींनी सुरत, बऱ्हाणपूर, माळवा अशा ठिकाणांहून विणकर आणून वसवले, असं इथं मानतात. दरबाराच्या पगड्या, नऊवारी लुगडी, पाहुण्यांना द्यायचे अहेर हे त्यांचं काम. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. विणकरांचं गिऱ्हाईकच उठून गेलं. पुढे गिरणीचं स्वस्त कापड आलं. 1920 च्या दशकात होळकर संस्थानानं विणकाम आणि रंगकाम शिकवणारं केंद्र काढलं, त्यातून झटक्याचा धोटा (दोरी ओढली की धावणारा) आणि डॉबी (काठाची नक्षी काढणारं यंत्र) आली. तरीही 1970 च्या दशकात माग मोडीत निघत होते. 1978 मध्ये रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. बायकांना माग, सूत, मजुरी आणि मुलांना शाळा, असा एकत्र विचार त्यात होता. तिथं शिकलेल्यांनी पुढे घरोघर माग टाकले. आज मागांची संख्या हजारांत मोजतात. रेहवाची जागा किल्ल्यातच आहे आणि विणकाम पाहता येतं. मात्र तेवढ्यावर थांबू नये. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत अन्सारी, मारू अशा विणकर घरांचे माग आहेत. दारातून विचारलं की सहसा आत बोलावतात.

आता मागाकडे. महेश्वरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, बहुधा रेशमी, बाणा, म्हणजे आडवे धागे, बारीक सुती. रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून. मध्य प्रदेशातल्याच चंदेरीत रेशमाचा नैसर्गिक डिंक न काढता ताणा लावतात, म्हणून ते कापड कडक आणि पारदर्शक लागतं. महेश्वरीच्या रेशमाचा डिंक काढलेला आणि पीळ दिलेला, म्हणून ती अंगावर सैल पडते. दोन्ही साड्या एका वेळी चिमटीत धरून पाहिल्या तर फरक क्षणात कळतो.

एका ताण्यावर साधारण दहा-बारा साड्या निघतात. ताणा संपत आला की सगळा माग नव्यानं भरत नाहीत. जुन्या ताण्याची टोकं फणीच्या (बाणा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) मागे तशीच ठेवून नव्या ताण्याची एकेक तार त्यांना पिळून जोडतात. कापडाच्या रुंदीत चार हजारांच्या आसपास तारा असतात. जोडणारी बाई राखेचा हात लावते, दोन तारा अंगठा आणि तर्जनीत घेते, एकदा पुढे एकदा मागे वळते, की जोड बसली. गाठ मारत नाहीत, कारण गाठ फणीच्या घरात अडकते आणि शेजारच्या तारा घेऊन तुटते. एक जरी तार चुकीच्या जोडीला गेली तरी पुढच्या दहा साड्यांत काठाच्या शेजारी सरळ उभी रेघ दिसत राहते. म्हणून या कामाला घाई चालत नाही. एक-दोन दिवस जातात.

काठाची नक्षी डॉबीवर. मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या. पायाखालची पावडी दाबली की एक पट्टी पुढे सरकते. जिथं खुंटी, तिथली वही (ताण्याच्या तारा धरणारी चौकट) उचलली जाते. नक्षी बदलायची तर खुंट्या बदलायच्या. आपल्या चादरीचं जॅकार्ड पाहिलेल्याला हे सोपं वाटेल, कारण छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर मोर आणि वेली काढणारं जॅकार्ड याहून कितीतरी जास्त गुंतागुंतीचं. पण महेश्वरीच्या नक्षीला तेवढं लागतच नाही. तिचे आकार भूमितीचे आहेत: वीट, चटई, हिरा, लाट, रुईफूल, चमेली. यातले बरेचसे किल्ल्याच्या आणि मंदिराच्या भिंतींवर दगडात आहेत. काल पाहिलेल्या भिंती आठवाव्यात, किंवा मोबाइलमधला फोटो मागाशेजारी धरावा. विणकरही हसून दाखवतात की ही पट्टी कुठल्या खांबावरची.

काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटी बाजू कुठली ते कळू नये, हे महेश्वरीचं वैशिष्ट्य. तिथं ‘बुगडी’ म्हणतात तो हाच काठ. पारंपरिक पदरावर पाच आडव्या पट्ट्या, तीन रंगीत आणि दोन पांढऱ्या, आळीपाळीनं. अंगाला चौकड्या नाहीतर सरळ रेघा, किंवा पूर्ण साधं. चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी ही जुनी नावं. साधी साडी तीन-चार दिवसांत उतरते, भरीव काठाची आठ-दहा दिवस घेते.

बिघडतं कुठे? पहिलं, हवेत. निमाडच्या कोरड्या उन्हाळ्यात रेशमी तार ठिसूळ होते आणि तुटत राहते. म्हणून जुने माग खड्ड्यातले होते, जमिनीचा ओलावा ताण्याला मिळायचा. आता लोखंडी-लाकडी चौकटीचे माग आले. विणकराची पाठ आणि गुडघे वाचले, पण उन्हाळ्यात खाली पाणी शिंपडावं लागतं. दुसरं, हाताच्या ठोक्यात. फणीचा ठोका एकसारखा हवा. मध्येच दुसरा माणूस बसला की बाण्याची दाटी बदलते आणि साडीवर आडवा पट्टा उमटतो. म्हणून एक साडी शक्यतो एकाच हातची. तिसरं, रंगात. गडद लाल आणि काळा रंग नीट पक्का झाला नाही तर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्टीवर उतरतो.

विकत घेताना साडी उजेडात, खिडकीपाशी न्यावी. उलटी करून काठ पाहावा. मागच्या बाजूला तारा कापलेल्या किंवा लोंबत असतील तर तो महेश्वरी काठ नव्हे. किनारीला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसतात, ती कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या खिळ्यांची. ती दोष नाही. काठ आणि अंग यांच्या सांध्यावर बोट फिरवावं, आवळल्यासारखं लागलं तर धुतल्यावर तिथं चुणी पडते. पांढऱ्या ओल्या रुमालानं गडद भाग चोळून रंग तपासावा, दुकानदार आडकाठी करत नाही. ताणा रेशमी की सगळीच सुती, हे पावतीवर लिहून घ्यावं, किमतीत मोठा फरक पडतो. घासाघीस विणकराच्या दारात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या दुकानात हवी तेवढी करावी. घरी आणल्यावर जरीची साडी सुती कापडात गुंडाळून ठेवायची, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालायची. एकाच घडीवर वर्षभर राहिली की रेशीम तिथंच विरतं.

पाचवा दिवस: पलीकडचा तीर

सकाळी नावेनं निघावं. भाडं बसण्यापूर्वी ठरवावं आणि बाणेश्वर, नावडातोली, परत घाट असं एकत्र सांगावं, नाहीतर प्रत्येक टप्प्याचं वेगळं होतं. जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावं. बाणेश्वर हे पात्रातल्या खडकावरचं छोटं शिवमंदिर. उतरताना नाव हलते, म्हाताऱ्या माणसांना दोघांनी धरून उतरवावं.

पलीकडच्या दक्षिण तीरावर नावडातोली. इथं पाहायला मंदिर नाही, वाडा नाही, तिकीट नाही. शेतं आणि मातीचे उंचवटे. पण महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात या जागेचं स्थान मोठं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी सहकाऱ्यांसह 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1957 ते 1959 मध्ये इथं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ताम्रपाषाणयुगीन गाव बाहेर आलं. गोल आणि चौकोनी झोपड्या, लाकडाचे खांब, कुडाच्या भिंती, चुन्याचा हात दिलेल्या जमिनी. सुरुवातीला खाण्यात गहू, पुढे तांदूळ, मसूर, वाटाणा. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, गारगोटीची बारीक पाती, आणि तांबड्यावर काळ्या रंगानं चित्रं काढलेली माळवा पद्धतीची मडकी. हीच माळवा मडकी पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगावलाही सापडली. घोडनदीचं पाणी भीमेला येतं आणि भीमेचं आपल्या जिल्ह्यात. होळकरांच्या किती आधीपासून या दोन खोऱ्यांत येणं-जाणं होतं, याचा हा पुरावा. उंचवट्यावर खापरं दिसली तरी उचलू नयेत. ते बेकायदा आहे, आणि जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला निरुपयोगी होतं. सापडलेल्या वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

दुपारी सहस्रधारा. महेश्वरच्या खालच्या अंगाला, जलकोटीजवळ. काळ्या बेसाल्टच्या खडकांतून नदी असंख्य धारांत फुटते. सहस्रार्जुनानं हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती बोटांतून निसटली, ही कथा इथली. थंडीत पाणी बेताचं असताना धारा दिसतात, पावसाळ्यात खडकच बुडतात. वळणाचा हा वेगवान प्रवाह होड्यांच्या स्लॅलम शर्यतींना जमतो. 2023 च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतल्या त्या शर्यती इथंच झाल्या. खडक कोरडा दिसला तरी चप्पल काढून चालू नये, आणि दोन धारांच्या मधल्या खडकावर जाऊन बसू नये. वरून पाणी सुटलं तर परतीची वाट आधी बुडते. जलकोटीला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. अक्कलकोट-गाणगापूरच्या वाऱ्या करणाऱ्या सोलापूरकरांना तिथं थांबावंसं वाटेलच.

सहावा दिवस: परत

परतीला रस्ता धरावा. सोलापुरातून तुळजापूरकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग 52 हाच बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा करत खलघाटच्या नर्मदा पुलावरून धामनोदला पोचतो. महेश्वरपासून धामनोद तेरा-चौदा किलोमीटर. तिथून घरापर्यंत महामार्गाचा क्रमांक बदलत नाही. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. स्वतःची गाडी नसेल तर धामनोदच्या नाक्यावर इंदूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या बस मिळतात, धुळ्याला गाडी बदलायची.

सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट आहे, ट्रकांच्या रांगा असतात पण रस्ता रुंद. खरी अडचण कन्नडच्या औट्रम घाटाची. अरुंद वळणं, पावसाळ्यात दरडी, आणि एखादी गाडी बंद पडली की दोन्हीकडून कोंडी. तो घाट अंधारात चढू नये. महेश्वर सकाळी सहाला सोडलं, तर जेवण धुळ्यात उरकून उजेडी घाट पार होतो आणि मुक्काम संभाजीनगरला पडतो. चाळीसगावला चार वाजेपर्यंत पोचणं जमत नाही असं दिसलं, तर धुळ्यातच राहावं आणि सकाळी निघावं.